दक्षिणेची हद्द

आमच्या ओट्यावरून माझ्या लेकीचं घर दिसतं. समोर चौपदरी रस्ता, त्याच्या पलीकडे जावयाचं केळी पॅकिंगचं शेड आणि शेडवर दोन खोल्या. त्यातल्या डाव्या खिडकीत माझी चेलना पडून असते. पडदा सरकवलेला असला की समजायचं, जागी आहे. मग मी फोन लावते. ती मला बघते, मी तिला बघते, आणि आम्ही फोनवर बोलतो. मध्ये ट्रक आला की चेहरा जातो, आवाज राहतो.

एवढं समोर घर, आणि मी तिथे एकदाही गेले नव्हते. फाट्यावरच्या बायकांना वाटायचं, सासर-माहेरचं काहीतरी बिनसलं असणार. बिनसलं असतं तर परवडलं असतं, चार माणसं बसवून मिटवता तरी आलं असतं. इथे भांडण नाही, व्रत आहे. आणि व्रत आमच्या ह्यांचं आहे.

ह्यांचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण सांगायला घेतलंय तर सांगते: शांतीलाल. बोरदे फाट्यावर आमचं किराण्याचं दुकान, पुढे दुकान आणि मागे घर. ह्यांच्या आजोबांनी मारवाडातून येऊन इथे तराजू टांगला, तो अजून हलतोय. माणूस सरळ, तोंडाचा कमी, हिशोबाचा पक्का. देवाधर्मातही हिशोबच, आणि तिथेच माझं नशीब अडकलं.

झालं असं की, एका वर्षी अमळनेरला महाराजसाहेबांचा चातुर्मास होता. व्याख्यानात त्यांनी दिशांच्या व्रताची गोष्ट काढली. माणसाने चारी दिशांना हद्द ठरवावी आणि जन्मभर तिच्या बाहेर पाऊल टाकू नये. जेवढं फिरणं कमी, तेवढी जीवहिंसा कमी. मग एकेक जण उठून हद्द सांगायला लागला. एकाने उत्तरेला हिमालय आणि दक्षिणेला समुद्र सांगितला, तेव्हा महाराजसाहेबसुद्धा हसले. त्यानंतर आमचे हे उठले. उत्तरेला तापी, पूर्वेला जळगाव, पश्चिमेला शिंदखेडा आणि दक्षिणेला आमच्या दारातला रस्ता.

दारातला रस्ता म्हणजे ओट्यावरून खडा टाकला तर पलीकडे पडेल, इतकीच हद्द. सगळे धन्य धन्य म्हणाले. आता आतली गोष्ट सांगते. तेव्हा रस्त्याच्या पलीकडे कपाशीची शेतं होती आणि एक पडकी विहीर. आमचे नातलग, जैन स्थानक, चेलनाचं अमळनेरचं सासर, सगळं उत्तरेला. धुळ्याचं मार्केट सोडलं तर दक्षिणेत आमचं घेणं ना देणं, म्हणून ह्यांनी ती सोडून दिली. ज्यात तोटा नाही ते पुण्य आधी उचलायचं, हे आमच्या दुकानदारांच्या रक्तातच आहे. मी घरी आल्यावर म्हटलंही, "तुम्ही कारल्याची भाजी सोडल्यासारखी दिशा सोडलीत." हे हसले होते.

व्रत घेताना सूटही मागून घेता येते. आमच्यात तिला आगार म्हणतात. एसटीचा नव्हे, सवलतीचा. ह्यांनी दोन आगार ठेवले, स्वतःचं आजारपण आणि व्यापार. धुळ्याच्या मार्केटला माल आणायला जावं लागतं म्हणून व्यापार. लेक, नात, मयत, लग्न यांतलं काही ठेवलं नाही. आणि शेवटी बायकांच्या बाजूला मान वळवून म्हणाले, "आम्ही दोघं, सजोडे." मला कोणी विचारलं नव्हतं. पण अख्खा संघ माझ्याकडे बघत होता, मी हात जोडले.

पुढे रस्ता वाढला. आमचा अर्धा ओटा त्यात गेला, कडुनिंब गेला, मध्ये कमरेएवढा दुभाजक आला. हिरवी पाटी लागली. जावई श्रेयांसकुमारांनी एकदा मला त्या पाटीवरचा आकडा समजावून सांगितला होता. हा रस्ता म्हणे आशियाच्या रस्त्यांच्या जाळ्यातला आहे, एकातून एक रस्ते जोडत गेलं तर माणूस पार तुर्कस्तानात निघतो. मी म्हटलं, "मला तुर्कस्तान नको, पलीकडच्या विहिरीपर्यंत जाता येईल का ते सांगा." तेव्हा ती थट्टाच होती.

श्रेयांसकुमारांच्या घरचा सरकीच्या तेलाचा जुना धंदा बसत चालला होता. त्यांनी केळीत उडी घेतली. रावेर-यावलची केळी आणायची, धुऊन, तोलून खोक्यांत भरायची, थंड कंटेनरमध्ये घालून मुंबईच्या बंदरावर पाठवायची. तिथून जहाजाने इराण, आणि पुढे रेल्वेने रशियापर्यंत न्यायचा विचार. त्यासाठी मोठ्या रस्त्याला लागून जागा हवी होती. ती त्यांना मिळाली आमच्या बरोबर समोर, त्या कपाशीच्या शेतात. पेढे घेऊन सांगायला आले, "मम्मीजी, आता चेलना तुमच्या डोळ्यांसमोर." मी तर टाळ्याच पिटल्या. मग ह्यांच्याकडे पाहिलं. हे तराजूचं पारडं पुसत होते आणि पुसतच राहिले. माझ्या आधी त्यांच्या लक्षात आलं होतं.

पहिले काही महिने काहीच अडलं नाही. चेलना स्कूटरवर रस्त्याखालच्या बोगद्यातून वळसा घालून रोज यायची, माझ्या हातचं खाऊन जायची. मी म्हणायचे, दक्षिण माझ्याकडे येतेय, मी कशाला जाऊ. मग तिला दिवस गेले. आधी दोनदा राहून गेले होते, दोन्ही वेळा सहाव्या महिन्यात. या खेपेला धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि बजावलं, पलंगावरून उठायचं ते बाथरूमपुरतं, जिना अजिबात उतरायचा नाही, गाडीचे हिसके नकोत, आहे तिथेच राहायचं. मी तिला आमच्याकडे आणा म्हणाले तर बाईंनी हात जोडले.

म्हणजे आता तिला उतरता येत नव्हतं आणि मला ओलांडता येत नव्हतं.

हे मात्र जात होते. शेडला सुतळी लागते, फोमच्या चादरी लागतात, कामगारांना चहा-साखर लागते, तो माल आमच्या दुकानातून जायचा. म्हणजे व्यापार, म्हणजे आगार. जाताना माझा डबा घेऊन जायचे, आल्यावर दोन शब्द सांगायचे: "बरी आहे."

"पाय सुजलेत का?"

"पाहिले नाहीत."

"जेवली का नीट?"

"डबा दिला."

माझ्या डोक्यात तिडीक जायची. ज्याला जाता येतं त्याला बघता येत नाही, आणि जिला बघता आलं असतं ती ओट्यावर.

एकदा मी स्पष्ट बोलले. म्हटलं, "व्रत सोडवून घ्या, नाहीतर मला त्यातून मोकळी करा."

"व्रत म्हणजे दुकानाचं शटर नव्हे, गिऱ्हाईक आलं की वर," हे म्हणाले. "महाराजसाहेब पायी विहार करत मारवाडात पोचले. कोण सोडवणार? आणि सजोडे घेतलंय, धनकुंवर. एकाने मोडलं तर दोघांचं मोडतं."

हे ढोंग असतं तर मी केव्हाच झुगारून दिलं असतं. पण ढोंग नव्हतं. गेल्या वर्षी ह्यांचे मोठे भाऊ मालेगावला लेकाकडे राहायला गेले होते, तिथेच वारले. मालेगाव दक्षिणेला. मयतीचा आगार नाही. हे दिवसभर ओट्यावर दक्षिणेकडे तोंड करून बसून राहिले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. त्या दिवसापासून मी त्या व्रताची थट्टा करणं सोडलं. फुकटात घेतलेल्या गोष्टीची किंमत माणूस इतकी मोजत असेल, तर त्याला काय बोलायचं.

आजारपणाचा आगार मला सुचला नव्हता असं नाही. पण खोटं आजारी पडायचं तर ते वेगळं पाप. खरा ताप आला तेव्हा मी मनातून खूश झाले, तर तो आमच्या गल्लीतल्याच डॉक्टरने, म्हणजे उत्तरेच्याच डॉक्टरने, एका गोळीत उतरवला.

मग मी बसून राहायचे. सामायिकाचं ध्यान धरायचे, पण लक्ष रस्त्यावर. कंटेनर जायचे, लोखंडाच्या गुंडाळ्या जायच्या, पवनचक्कीचं एखादं पातं जायचं तेव्हा अख्खा फाटा बघायला यायचा. सगळं कुठून तरी कुठे तरी जात होतं. मी एकटीच अशी होते की त्या रस्त्याने माझं जाणं बंद केलं होतं. लताबाई आमच्या मागच्या गल्लीत राहते आणि शेडमध्ये केळीच्या फण्या कापायला जाते. ती एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "अक्का, हाऊ रस्ता बठ्ठा जगले जोडस म्हनतस, नि तुमले आठेच अडकाई दिन्हं." सगळ्या जगाला जोडणाऱ्या रस्त्याने मला इथेच अडकवलं होतं. तिने खोटं काय सांगितलं होतं?

चेलनाला सहावा लागला आणि त्याच आठवड्यात तिकडे बंदरावर कंटेनर अडकले. जहाजं पुढे सरकत नव्हती, आत केळी होती, श्रेयांसकुमार मुंबईला धावले. दोन दिवसांनी भर दुपारी लताबाई जेवणाच्या सुट्टीत धापा टाकत आली.

"अक्का, पोर रडी ऱ्हायनी. कोनले सांगत नही, पन रडी ऱ्हायनी."

मी ओट्यावर येऊन फोन लावला. पडदा सरकला. चेलना उशीला टेकून बसली होती.

"मम्मी, पोट मधूनच घट्ट होतंय."

"डॉक्टरीणबाईंना फोन केलास?"

"केला. म्हणाल्या, गोळी घे, डाव्या कुशीवर पड, दुखायला लागलं किंवा रक्त दिसलं तरच निघ. घाबरू नको म्हणाल्या." तिने पडद्याची कड धरली. "मागच्या वेळीही असंच म्हणाल्या होत्या."

मी ओट्याच्या कडेपर्यंत गेले.

"मम्मी, तू काही करू नको. डबा नको, काही नको. नुसती येऊन बस."

मध्ये एक लांबलचक ट्रक आला. तो जाईपर्यंत मला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. ट्रक गेला तेव्हा तिने पडदा लावून घेतला होता.

मी पायरी उतरले. चप्पलही घातली नव्हती, तापलेलं डांबर तळव्याला लागलं. मागून ह्यांचा आवाज आला.

"धनकुंवर."

एवढंच. आवाज चढलेलाही नव्हता. आणि मी थांबले. बेचाळीस वर्षांच्या संसाराने पाय असे बांधले जातात की दोरी लागतच नाही. त्या क्षणी मला ह्यांचा खराखुरा तिरस्कार वाटला. लपवत नाही.

मी वळून म्हटलं, "मग तुम्ही जा. बसा जाऊन तिच्याजवळ."

"आज तिकडे कसला माल द्यायचा नाही," हे म्हणाले. "परवाच सगळा दिला. विनाकारण कसा जाऊ? सूट धंद्याची आहे, लेकीची नाही."

"बाप आहात तुम्ही."

"म्हणून तर." ह्यांनी शटर उघडायचा लोखंडी आकडा हातात घट्ट धरला होता, उगाचच, शटर तर वरच होतं. "भावाच्या वेळी मी गेलो नाही. आपण दोघांनी घेतलंय. जे मला लागू ते तुला लागू."

मी ओट्यावर चढले, घरात गेले, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तिथेच थबकले. जे मला लागू ते तुला लागू. हद्द सजोडे घेतली. मग आजारपणाचा आगार माझाही, तर व्यापाराचा काय एकट्या ह्यांचा होता?

कोनाड्यात माझा पापडांचा डबा होता. मुगाचे पापड मी दर उन्हाळ्यात लाटते, आणि माझे पापड अमळनेरपासून जळगावपर्यंतच्या नातलगांत जातात. जातात म्हणजे फुकट जातात. आजवर मी एक पापड विकलेला नाही. मी डबा काखेत घेतला, चपला घातल्या आणि दुकानात येऊन उभी राहिले.

"कुठे?" हे म्हणाले.

"धंद्याला."

"कुणाच्या?"

"माझ्या. पापड विकायला चाललेय पलीकडे. व्रत सजोडे, तर आगारही सजोडे. की तो वरच्या मुनीमजींनी फक्त तुमच्या खात्यात टाकलाय?"

हे माझ्याकडे बघत राहिले. लताबाई दाराशी उभी होती, तिने तोंडाला पदर लावला. मग ह्यांनी हात पुढे केला.

"आण इकडे. मी विकून येतो."

"माल माझा आहे. भाव मला माहीत आहे. तुम्हाला पाय सुजलेले दिसत नाहीत, गिऱ्हाईक काय दिसणार?"

ह्यांनी हात मागे घेतला नाही. डबा माझ्या काखेतून ओढून घेतला. मला वाटलं, संपलं. पण ह्यांनी तो तराजूजवळ ठेवला, पारड्यात पापडांची चवड घातली, पाव किलोचं वजन टाकलं, काटा स्थिर होईपर्यंत थांबले, दोन पापड काढले, परत तोललं. मग कागदात बांधून सुतळीची गाठ मारली. एक पुडा झाला, दुसरा, तिसरा. गाठी नेहमीसारख्याच पक्क्या.

"न तोललेला माल दुकानाबाहेर गेला की तो धंदा नव्हे," हे खाली बघूनच म्हणाले. "आणि घरच्यांना सवलत देऊ नको. सवलत दिलीस की ती भेट होते, आणि भेटीचा आगार नाही."

"नाही देणार."

"पैसे रोख घे."

"घेते."

पिशवी माझ्या हातात देताना ह्यांचा हात माझ्या हाताला लागला, तो गार होता.

लताबाई मला बोगद्यातून घेऊन गेली. बोगदा लांब पडतो, आणि आत गाळ आणि प्लास्टिक. डोक्यावरून ट्रक जात होते, छत दणदणत होतं. मी नवकार मंत्र म्हणत चालले. मध्यावर मी थांबले, तशी लताबाईने माझा दंड धरला. "चला अक्का, धंदामा लाजानं नही," ती म्हणाली. पलीकडे ऊन लागलं तेव्हा मला रडू आलं. तीच माती, तीच बाभळी, काही म्हणजे काही वेगळं नव्हतं.

जिना चढून मी दारात उभी राहिले. चेलना डाव्या कुशीवर पडली होती, भिंतीकडे तोंड करून.

"बाई, मुगाचे पापड घ्यायचेत का?"

ती सावकाश वळली. आधी तिला काही कळलंच नाही. मग माझ्या हातातला सुतळीचा पुडा तिने पाहिला, गाठ पाहिली, पप्पांची गाठ तिला लहानपणापासून ओळखू येते. ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी तिला रडू दिलं. मग उशाखालची पर्स काढायला लावून पैसे रोख घेतले आणि कनवटीला लावले. दुसरा पुडा लताबाईने मुकाट्याने विकत घेतला.

मग मी पलंगावर बसले. तिचे पाय मांडीवर घेतले. सुजले होते, बोटाने दाबलं तर खळगा राहत होता. पोटावर हात ठेवला, ते दगडासारखं घट्ट झालं आणि मग सैल पडलं. परत झालं, परत सैल पडलं. ऊन खिडकीतून खाली सरकलं तसं दोन घट्टपणांमधलं अंतर वाढत गेलं. डॉक्टरीणबाईंना परत फोन लावला, त्या म्हणाल्या, थांबतंय, आता पडून राहा, सकाळी मी येऊन जाते. बाळाने एकदा आतून माझ्या तळव्याला ढुशी दिली. किती बारीक, पण दिली.

"आता तू जाशील," चेलना म्हणाली.

"एक पुडा राहिलाय अजून. माल संपल्याशिवाय व्यापारी परत जातो का?"

तिने डोळे मिटले. मी उठून खिडकीशी गेले. तिथून माझा ओटा दिसत होता. तो इतका लहान असेल असं मला वाटलं नव्हतं. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं, आणि पायरीवर हे, इकडेच तोंड करून बसलेले. दिवस मावळायला आला होता. मावळल्यावर ह्यांना जेवण चालत नाही, आणि आज ताट वाढायला कोणी नव्हतं. एवढे दिवस मी तिथे बसलेली इथून कशी दिसत असेन, ते मला तेव्हा कळलं.

फोन वाजला. ह्यांनी कानाला लावलेला मला दिसत होता.

"कशी आहे?"

"थांबलंय. झोप लागतेय तिला. पाय सुजलेत."

"विकले का?"

"दोन विकले. एक राहिलाय."

"मग तो मला दे," हे म्हणाले. "मी घेतो. रोखीने. घ्यायला येतो."

मला कळलं, ह्यांना यायला कारण हवं होतं. पण तो पुडा विकला की माझं कारण संपत होतं. आमच्या तराजूवरून गिऱ्हाईक आजवर कधी परत गेलेलं नाही.

"तो विकायचा नाही," मी म्हटलं.

हे ओट्यावर उभे राहिलेले दिसले, परत बसलेले दिसले.

"माल असून विकायचा नाही, हे धंद्यात बसत नाही, धनकुंवर," शेवटी म्हणाले. आवाज बसला होता. "नाही म्हणू नको. भाव वाढव. कुणालाच परवडणार नाही इतका सांग. मग राहा तिथे, पाहिजे तितके दिवस."

मी उरलेला पुडा पिशवीतून काढून चेलनाच्या उशाशी ठेवला.

"मी उद्या सकाळी भाव विचारायला येतो. भाव विचारणं धंद्यातच धरतात."

"या," मी म्हटलं. "पण कमी करणार नाही."